वाचक विचारतात : दगडातली वेटोळी

मागच्या अंकात अमोनाइटवर चार पानं लिहिली आणि पत्रांचा ढीग येऊन पडला. त्यातली निम्मी पत्रं ‘हा दगड काय आहे ते सांगा’ एवढ्या एका ओळीची, सोबत रात्री दिव्याखाली काढलेला फोटो. त्या सगळ्यांना एकच विनंती. दगड खिडकीपाशी न्या, तिरपा उजेड पडू द्या, शेजारी मोजपट्टी ठेवा आणि पुन्हा फोटो काढा. उरलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

ज्यांच्या हातात मागचा अंक पडला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. अमोनाइट हा माकूळ आणि अष्टपाद यांच्या गोतावळ्यातला, पण अंगावर शंख बाळगणारा समुद्री प्राणी. त्याच्या घराण्यातले पहिले प्राणी ४० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रात होते आणि शेवटचे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, डायनोसॉर गेले त्याच सुमारास, संपले.

बाई, मला एक वेटोळ्याचा दगड सापडला आहे. मी म्हणतो अमोनाइट, दादा म्हणतो गोगलगाय. कोण बरोबर? (आठवीतला एक वाचक)

दादाशी पैज लावली नसशील तर अजून लावू नकोस. आधी दगड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघ. गोगलगाईच्या शंखाचं वेटोळं एका बाजूला वर चढत जातं आणि टोक काढतं. अमोनाइट बहुतेक वेळा दोन्हीकडून सारखा असतो, दोर जमिनीवर गोल गुंडाळून ठेवावा तसा. पण चपट्या वेटोळ्याच्या गोगलगाईही असतात, म्हणून एवढ्यावर निकाल देता येत नाही.

खरी परीक्षा कप्प्यांची. गोगलगाय अख्ख्या शंखात राहते. अमोनाइट फक्त शेवटच्या, तोंडाजवळच्या खोलीत राहायचा. वाढला की मागे एक पडदा घालून पुढे सरकायचा आणि मागच्या रिकाम्या कप्प्यांचा उपयोग तरंगायला करायचा. हे पडदे शंखाच्या भिंतीला जिथे चिकटतात तिथे रेषा उमटतात. आम्ही त्यांना शिवणरेषा म्हणतो. वरचं कवच झिजून आतला साचा उघडा पडला असेल तर या रेषा दिसतात, आणि अमोनाइटच्या रेषा नेच्याच्या पानाच्या कडेसारख्या चुरमुडलेल्या, नक्षीदार असतात. नॉटिलस हा असाच कप्पेदार शंख बाळगणारा, आजही समुद्रात असलेला प्राणी. त्याच्या रेषा साध्या बाकदार. दगड कुठे तुटला असेल तर तुटलेल्या तोंडात एक बारीक नळी सापडते का बघ. ती बाहेरच्या कडेला लागून असेल तर अमोनाइट, पडद्याच्या मध्याच्या आसपास असेल तर नॉटिलसच्या कुळातला.

रेषा दिसल्या नाहीत म्हणून लगेच हार मानू नकोस. कवच शाबूत असेल तर त्या झाकलेल्या असतात, आणि राहत्या खोलीत तर पडदेच नसतात.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी एक चपटी गोगलगाय अमोनाइट म्हणून सव्वा वर्ष टेबलावर मिरवत होते. आमच्या सरांनी ती एकदा उचलली, उलटी करून पाहिली, परत होती तिथे ठेवली आणि एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी कुठलाही दगड उलटा करून पाहिल्याशिवाय तोंड उघडत नाही.

आणि हो, सगळे अमोनाइट गोल नसतात. बॅक्युलाइटिस काठीसारखा सरळ असतो. जपानमधला निप्पोनाइटिस तर गुंता झालेल्या लोकरीसारखा दिसतो, पण तो गुंता प्रत्येक नमुन्यात त्याच नियमाने वळलेला असतो.

आम्ही तिघा मित्रांनी तीन सुट्ट्या डोंगर पालथे घातले. एकही अमोनाइट मिळाला नाही. काय चुकतंय?

डोंगर कोणत्या खडकाचे होते ते पत्रात लिहिलेलं नाही. चुकतंय ते बहुधा हेच. लाव्हाचा काळा कातळ असेल किंवा ग्रॅनाइट असेल तर तीन सुट्ट्या काय, तीन जन्म फिरलात तरी हाती काही लागायचं नाही. अमोनाइट समुद्रात जगला, मेला आणि तळाच्या गाळात बसला. म्हणजे खडक समुद्री गाळाचा हवा: शेल (चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक), चुनखडी, जुन्या समुद्रातल्या चिकणमातीचे थर. तोही त्या काळातला हवा. नदीच्या गाळाचा खडक ज्युरासिक काळातला असला तरी उपयोग नाही, आणि समुद्री चुनखडी ५ कोटी वर्षांपूर्वीची असली तरीही नाही. तेव्हा आधी भूशास्त्रीय नकाशा, मग बूट.

इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं लाइम रेजिस आणि व्हिटबी, दक्षिण जर्मनी, मोरोक्को, मादागास्कर, आपल्याकडे कच्छ आणि स्पिती ही नावं अमोनाइटवाल्यांच्या तोंडी असतात ती याच कारणाने. कच्छच्या अमोनाइटवर वागेन या जर्मन भूशास्त्रज्ञाचा ग्रंथ १८७३ ते १८७५ मध्ये निघाला, स्पाथ या ब्रिटिश अभ्यासकाने १९२७ ते १९३३ मध्ये त्याची फेरतपासणी केली, आणि आजही तिथे काम करणाऱ्याला या दोघांची पानं उलटावी लागतात.

योग्य खडक सापडला की कड्यावर हातोडा चालवू नका. कड्याच्या पायथ्याशी जे ढासळून पडलंय तेच बघा, पाऊस पडून गेल्यावर तर नक्कीच. लाटांनी आणि पावसाने तुमच्यापेक्षा जास्त खोदकाम करून ठेवलेलं असतं. मात्र ढासळणाऱ्या कड्याच्या अगदी कुशीत उभं राहायचं नाही, आणि समुद्रकिनारा असेल तर ओहोटी सुरू असताना जायचं आणि भरती लागायच्या आत परतायचं. मान खाली घालून शोधणाऱ्या माणसाला पाणी वाढलेलं कळत नाही.

पहिला अर्धा तास काहीच दिसत नाही, हे प्रत्येकाचं होतं. विद्यार्थ्यांना मी एक मीटर लांब-रुंद तुकडा आखून द्यायचे आणि वीस मिनिटं तिथून हलू द्यायचे नाही. पहिली दहा मिनिटं कुरकुर, मग कुणीतरी ओरडायचं. डोळ्याला एकदा सारख्या अंतरावरच्या बरगड्या दिसायला लागल्या की मग त्याच तुकड्यात चार-पाच सापडतात. बरगड्या म्हणजे शंखावरचे उंचवटे. दगडात इतकी शिस्तशीर रेघ सहसा उमटत नाही.

काकांच्या पश्चात एक लाकडी पेटी माझ्याकडे आली आहे. त्यात चाळीसेक अमोनाइट आहेत, पण एकाही नमुन्यासोबत चिठ्ठी नाही. हे कुठले, किती जुने, हे आता कळू शकेल का? आणि ते धुऊन-पुसून मांडले तर चालतील का? (एक निवृत्त ग्रंथपाल)

धुऊ नका! बाकीचं उत्तर वाचायच्या आधी तेवढं करा. म्हणजे करू नका.

तुम्ही ग्रंथपाल होतात म्हणून तुम्हाला पटकन कळेल. चाळीस पुस्तकं आली आहेत आणि सगळ्यांची मुखपृष्ठं, पहिली पानं, दाखलनोंदी फाडलेल्या आहेत. पुस्तकं आहेत, वाचताही येतील, पण कुठून आली हे कुणी सांगू शकत नाही. अमोनाइटच्या बाबतीत हे दुखणं जास्त मोठं आहे, कारण अमोनाइटचं सगळं मोल तो कोणत्या थरात मिळाला यात आहे. इंग्लंड आणि वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा १८१५ मध्ये काढणारा विल्यम स्मिथ थर ओळखायचा ते त्यातल्या जीवाश्मांवरून. पुढे आल्बर्ट ओपेल या जर्मन माणसाने १८५६ ते १८५८ या काळात ज्युरासिक खडकांचे पट्टे पाडले, म्हणजे कोणत्या थरात कोणते जीवाश्म मिळतात त्यावरून काळाचे तुकडे केले. हे पट्टे पाडायला अमोनाइटइतकं चोख साधन दुसरं नाही. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत गेल्या आणि समुद्रात दूरवर पसरल्या. ज्युरासिक काळ साधारण साडेपाच कोटी वर्षांचा. वायव्य युरोपात त्याचे अमोनाइटवरून सत्तराहून अधिक पट्टे पाडले आहेत. म्हणजे हातातल्या एका शंखावरून सरासरी दहा लाख वर्षांच्या आतला काळ सांगता येतो. पण हे घड्याळ लावलं गेलं ते कुणीतरी थराथरातून, खालून वर, नोंद ठेवत नमुने उचलले म्हणून.

आता तुमची पेटी. आशा आहे, पण ती मातीत आहे. बरगड्यांच्या खाचांत, बेंबीत, म्हणजे वेटोळ्याच्या मधल्या खळग्यात, मूळ थराचा गाळ अडकलेला असतो. त्या चिमूटभर गाळात फोरामिनिफेरासारखे सूक्ष्म जीवाश्म आणि परागकण असू शकतात, आणि जाणकार माणूस त्यावरून काळाचा, कधीकधी ठिकाणाचाही अंदाज बांधू शकतो. धुतलात की तो साक्षीदार मोरीत गेला. दुसरं, नमुने ज्या कागदात गुंडाळले आहेत ते कागद टाकू नका. जुन्या वर्तमानपत्राची तारीख, रेल्वेचं तिकीट, काकांनी मागे लिहिलेला हिशेब, काहीही उपयोगी पडतं. प्रत्येक कागद त्या-त्या नमुन्यासोबतच ठेवा. तिसरं, भिंगाने प्रत्येक नमुन्याची खालची बाजू तपासा. जुने संग्राहक शाईने बारीक आकडा घालून ठेवायचे. आकडा सापडला तर घरात कुठेतरी एक वहीही असणार. काकांच्या डायऱ्या, प्रवासाचे फोटो, पत्रव्यवहार रद्दीत गेला नसेल तर आधी तो चाळा. चौथं, नमुने रंगावरून आणि दगडावरून गटात लावा. करड्या चुनखडीतले दहा, गंजासारख्या तांबूस दगडातले सात, असे गट पडले तर एकाच फेरीत उचललेले नमुने एकत्र येतील, आणि त्यातल्या एकाचं ठिकाण कळलं तर बाकीच्यांचा निदान अंदाज बांधता येईल. अंदाज आहे तिथे ‘अंदाज’ असंच लिहायचं, पेनाचा मोह आवरून.

इथून पुढे तुम्ही स्वतः काही उचललंत तर त्याच जागी, त्याच वेळी लिहा. ठिकाण, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, तारीख, थर कोणता, थराच्या कोणत्या भागात, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नमुना थरातच रुतलेला होता की खाली सुटा पडलेला. सुटा दगड पन्नास फूट वरून घरंगळून आलेला असू शकतो. प्राण्याचं नाव राहिलं तरी चालेल, ते पुढे कधीही लावता येतं.

चिठ्ठी वेगळी आणि नमुना वेगळा झाला की संपलं, म्हणून दगडावरही आकडा घाला. खालच्या बाजूला नखाएवढ्या जागेवर पॅरालॉइड बी-७२ चा पातळ थर द्या. हे ऍसिटोनमध्ये विरघळणारं पारदर्शक राळेसारखं द्रव्य आहे, संग्रहालयांत सर्रास वापरतात. तो सुकला की न पुसणाऱ्या काळ्या शाईने आकडा, आणि वर पुन्हा एक थर. पुढेमागे काढायचं झालं तर ऍसिटोनचा बोळा फिरवला की निघतं. थेट दगडावर मार्करने लिहू नका, शाई आत झिरपते.

माझ्याकडचा सोनेरी अमोनाइट दोन वर्षांत पांढरट पडला, भेगाळला, आणि डबी उघडली की आंबूस वास येतो. बुरशी आहे का?

बुरशी नाही. तुमचा अमोनाइट सोनेरी होता तो पायराइटमुळे. लोह आणि गंधक यांचं हे खनिज. समुद्राच्या तळाशी प्राणवायू नसलेल्या काळ्या चिखलात शंखाच्या कप्प्यांत ते साचतं आणि पितळी नाण्यासारखा सुबक साचा तयार होतो. दिसायला याच्यासारखं काही नाही. दगडात होता तोवर सुरक्षित होता. दमट हवेत आला की पायराइटचं लोहाच्या सल्फेटमध्ये रूपांतर होतं आणि सोबत गंधकाम्ल तयार होतं. सल्फेटला जागा जास्त लागते, म्हणून नमुना आतून फुगून फुटतो. तो पांढरा भुगा तेच सल्फेट. आम्ही याला पायराइटचा रोग म्हणतो, जंतूंशी त्याचा संबंध नाही.

आज पहिलं काम म्हणजे तो नमुना बाकीच्यांपासून दूर न्या. मग मऊ ब्रशने भुगा झाडा, आणि हो, हातमोजे घालून, कारण त्यात आम्ल आहे. पाण्याने धुऊ नका. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. डब्यात एक छोटं आर्द्रतामापक टाका. आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे, जितकी कमी तितकं बरं. ६० च्या वर गेली की रोग झपाट्याने वाढतो. जेलचा रंग बदलला की पुड्या बदला. सुट्टीच्या दिवशी तेवढं एक काम.

वार्निश फासून चकचकीत करा असं कुणीतरी सांगेलच. रोग सुरू झालेल्या नमुन्यावर वार्निश लावलं तर तो दडतो, थांबत नाही. आत आम्ल मुरत राहतं आणि एक दिवस वार्निशच्या पापुद्र्यासकट सगळं गळून पडतं. संग्रहालयांत अमोनियाची वाफ देऊन किंवा इथेनॉलअमाइन थायोग्लायकोलेटचा लेप देऊन आम्ल मारतात, पण ते घरी करायचं काम नाही.

एवढं अधिकाराने सांगतेय कारण मी यात पोळले आहे. एका पुठ्ठ्याच्या खोक्यात मी सोळा पायराइटचे अमोनाइट ठेवले होते, प्रत्येकाखाली सुंदर अक्षरात लिहिलेली चिठ्ठी. एका पावसाळ्यानंतर खोकं उचललं तर तळ हातात आला. पुठ्ठा जळाल्यासारखा तपकिरी झाला होता. अमोनाइट पाच गेले, अकरा वाचले. चिठ्ठ्या मात्र सोळाच्या सोळा गेल्या, आम्लाने कागदाचा चुरा केला होता. दगडावर आकडे घातलेले नव्हते. ते अकरा अजून माझ्याकडे आहेत, छान चकाकतात, आणि त्यांतला एकही कोणत्या थरातला आहे हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. वरच्या ग्रंथपालबाईंना मी इतकं लांबण का लावलं, ते यावरून कळेल.

अमोनाइटवरचा दगड व्हिनेगरने काढता येतो असं ऐकलं. किती वेळ बुडवायचा?

अजिबात नाही. आजूबाजूचा दगड चुनखडी आणि शंखही कॅल्साइटचाच, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचा, असं बहुतेक वेळा असतं. यातलं काय ठेवायचं आणि काय खायचं हे आम्लाला कळत नाही. मऊ ब्रश, बांबूची काडी, सुई, आणि भरपूर वेळ. कठीण दगडासाठी हवेवर चालणारं छिन्नीपेन असतं. ते दुसऱ्या कुणाकडे बसून शिका, आणि पहिले दहा नमुने असे घ्या की बिघडले तरी रडू येणार नाही.

दगडाचा गोटा फोडायचा असेल तर सुताराचा हातोडा नको. भूशास्त्राचा हातोडा वेगळ्या पोलादाचा असतो, त्याच्या कपच्या सहसा उडत नाहीत. हातोड्याने हातोड्यावर मारणं तर कधीच नको. डोळ्यांना चष्मा हवाच. उसन्या हातोड्याने गोटा फोडताना उडालेली पोलादाची एक बारीक कपची माझ्या उजव्या हाताच्या पाठीत शिरली होती. काढली, पण निळसर ठिपका अजून आहे. डोळा तिथून दोन वीत लांब होता.

गोटे बहुधा चपटे असतात आणि अमोनाइट आत आडवा निजलेला असतो. मेलेला प्राणी कुजताना त्याच्याभोवतीच्या गाळात चुना साकळतो आणि गोटा बनतो, म्हणून मध्यभागी काहीतरी मिळण्याची शक्यता असते. मधोमध घाव घालू नका. कडेवर, सगळीकडून फिरवत, हलके घाव घाला. फुटला की दोन्ही अर्धी ठेवा: एकात शंख, दुसऱ्यात त्याचा ठसा. उडालेले तुकडे वेचून एका पुडीत, तिच्यावर तोच आकडा.

समुद्रातला प्राणी हिमालयात कसा पोहोचला?

तो पोहोचला नाही, त्याचा समुद्रतळ पोहोचला. भारत आणि आशिया यांच्या मध्ये टेथिस समुद्र होता. दोन्ही भूखंड जवळ आले तसा त्याच्या तळाचा गाळ घड्या पडत वर उचलला गेला. त्या गाळातला ज्युरासिक काळातला काळा शेल स्पितीत दिसतो, म्हणून त्याचं नावच स्पिती शेल. नेपाळमध्ये काली गंडकीच्या पात्रात जे काळे गोल गोटे मिळतात, ज्यांना आपण शाळिग्राम म्हणतो, त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात असतो तो याच काळातला अमोनाइट.

कापून गुळगुळीत केलेला एक अमोनाइट भेट मिळाला आहे. काही कप्पे राखाडी मातीने भरलेले, काहींत पांढरे स्फटिक, आणि काही कप्पे तर अर्धे माती अर्धे स्फटिक. असं का?

अर्धे-अर्धे कप्पे आहेत? मग तुमच्याकडे वाण्याच्या तराजूसारखी एक गोष्ट आहे. शंख तळाशी पडला तेव्हा जिथे कवच फुटलं होतं तिथून गाळ आत शिरला आणि कप्प्याच्या खालच्या भागात सपाट बसला. जिथे शिरला नाही ती जागा पोकळ राहिली, आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्यातून तिथे कॅल्साइटचे स्फटिक वाढले. म्हणजे माती आणि स्फटिक यांच्यामधली रेघ ही त्या दिवशीच्या समुद्रतळाशी समांतर आहे. अर्ध्या कप्प्यांत ही रेघ एकाच दिशेने जाते का पट्टी लावून बघा. जात असेल तर माती खाली आणि स्फटिक वर येतील असा दगड धरा. तो शंख गाळात असा रुतला होता. थर उलटेपालटे झालेल्या डोंगरात ‘वर कुठे आणि खाली कुठे’ हे ठरवायला आम्ही हाच प्रकार वापरतो.

कापलेले अमोनाइट मला मनापासून आवडत नाहीत, पॉलिशमध्ये वरचं कवच जातं. पण ही एक रेघ कापल्याशिवाय दिसली नसती, हे कबूल करायला हवं.

विकत घेताना खोटा कसा ओळखायचा?

खोटेपणाच्या तऱ्हा अनेक. सगळ्यांत जुनी व्हिटबीची. तिथले कारागीर अमोनाइटवर सापाचं डोकं कोरायचे, कारण संत हिल्डाने सापांचे दगड केले अशी तिथली दंतकथा. शास्त्रज्ञांनी पुढे एका अमोनाइटचं नाव तिच्यावरून हिल्डोसेरास ठेवलं, डोक्याशिवाय.

आजचे प्रकार कमी गमतीशीर आहेत. दगडाची भुकटी आणि राळ साच्यात ओतून केलेले, चार तुकडे जोडून एक केलेले, किंवा आतलं अर्धं वेटोळं खरं आणि बाहेरचं कोरलेलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग सोबत ठेवा. हवेचे बारीक बुडबुडे दिसले तर ओतीव. दोन नमुन्यांत भेग अगदी त्याच जागी असेल तर साचा एकच. बरगड्या वेटोळ्याच्या एका बाजूने निघून कडेवरून दुसऱ्या बाजूला नीट पोहोचतात का बघा, कोरणारा तिथे हमखास चुकतो. शिवणरेषा दिसत असतील तर बहुधा खरा. ती नक्षी कप्प्यागणिक त्याच नेमाने कोरत बसायला लागणारी चिकाटी खोटं करणाऱ्याकडे असती तर तो दुसरं काही करत असता.

मादागास्करचे कापून चकचकीत केलेले बहुतेक खरेच असतात, मात्र फटी भरलेल्या आणि क्वचित रंगवलेल्या असतात. विक्रेत्याला मी एकच प्रश्न विचारते: कोणत्या थरातला? तो फक्त देशाचं नाव सांगतो. खरा असला तरी तेवढ्यावर तो माझ्या कपाटात येत नाही, खिडकीत बसतो.

नॉटिलस आजही जिवंत आहे. मग अमोनाइटच का गेले?

पटण्यासारखं एक कारण पिल्लांचं आहे. अमोनाइटची पिल्लं अंड्यातून निघताना मिलिमीटरभराची असायची आणि समुद्राच्या पृष्ठभागाजवळ प्लवकांसोबत, म्हणजे पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या बारीक जीवांसोबत, तरंगायची. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशनी आदळल्यावर प्लवकांचीच दाणादाण उडाली. नॉटिलसची अंडी मोठी, पिल्लू बाहेर येतानाच अडीच-तीन सेंटिमीटरचं, आणि त्याचा वावर खोल पाण्यात. सगळं कोडं यात सुटतं असं मी म्हणणार नाही.

एका सपाट कातळावर खूप अमोनाइट एकत्र आहेत. त्यातला एक छिन्नीने काढून घ्यावा का?

नको. फ्रान्समध्ये दीन्य-ले-बाँ गावाजवळ असाच एक तिरपा कातळ आहे, त्यावर हजाराहून अधिक अमोनाइट आहेत, आणि तो राखून ठेवलाय म्हणून आजही कुणालाही जाऊन पाहता येतो. एकत्र पडलेल्या शंखांमध्ये कोणता कोणत्या दिशेला तोंड करून आहे, मोठे-लहान किती, कुणावर कालवं चिकटली आहेत, हे सगळं वाचता येतं. एक काढलात तर तो तुटणार आणि शेजारचे दोन तडकणार. फोटो काढा, मोजपट्टी ठेवून. कागद आणि मेण-खडू घेऊन ठसा घ्या. मग जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. सुटे नमुने उचलतानाही जागेच्या मालकाला विचारायचं आणि त्या देशाचा कायदा आधी बघायचा. काही ठिकाणी सुटा दगडही उचलता येत नाही.

सर्वांत मोठा अमोनाइट केवढा? आणि तुमचा सगळ्यांत आवडता कोणता? (सहावीतली एक वाचक)

मोठा जर्मनीतल्या सेप्पेनराडचा, १८९५ मध्ये सापडलेला. पॅरापुझोसिया हे त्याचं नाव. व्यास जवळजवळ पावणेदोन मीटर, आणि राहती खोली बरीचशी तुटलेली असतानाचं हे माप आहे. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस तर त्याची कड तुझ्या डोक्याच्या वर जाईल.

माझा आवडता चार सेंटिमीटरचा आहे आणि अर्धा तुटलेला. सोन्याचा नाही, स्फटिकाचा नाही, मळकट करड्या चुनखडीचा. त्याच्या पाठीवर दोन इवलीशी कालवं चिकटलेली आहेत. सोबत माझ्या विद्यार्थिदशेतल्या अक्षरातली चिठ्ठी आहे. तिच्यावर प्राण्याचं नाव तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय, शेवटचं तर निवृत्त झाल्यावर. खाली लिहिलंय: ‘खालून तिसरा चुनखडीचा थर, थराच्या माथ्यापासून एक वीत खाली, जागेवरच.’ ती ओळ अजून पहिल्याच शाईत आहे.